रानमेंढीपासून दख्खनी मेंढीपर्यंत : जनुकीय वैविध्य, उत्क्रांती आणि खानदेशातील कळप

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्यभागी तापीचे सुपीक खोरे आणि दक्षिणेस व पश्चिमेस डोंगराळ प्रदेश अशी या जिल्ह्याची ढोबळ रचना आहे. पावसाळा सरला की साक्री व नंदुरबार परिसरातील ठेलारी आणि धनगर मेंढपाळांचे वाडे तापीकाठच्या शेतांत उतरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, सोबत राखणीची कुत्री आणि पुढे शेदोनशे मेंढ्यांचा कळप हे दृश्य येथील प्रत्येक प्राध्यापकाने व विद्यार्थ्याने पाहिलेले असते. मात्र या कळपातील काळ्या, राठ लोकरीच्या मेंढीच्या शरीरात किती दीर्घ इतिहास साठलेला आहे, याचा विचार क्वचितच केला जातो.

मेंढीविषयीचे आपल्याकडील बहुतेक लेखन अर्थकारणाच्या किंवा समाजशास्त्राच्या अंगाने झालेले आढळते. मेंढपाळांची भटकंती, चराऊ कुरणांचा प्रश्न, लोकरीला न मिळणारा भाव हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु गेल्या काही दशकांत अनुवंशशास्त्राने मेंढीच्या उत्क्रांतीसंबंधी जी माहिती उजेडात आणली, ती या प्रश्नांशी थेट निगडित आहे. जगातील रानमेंढ्यांचे कुळ, वाळवंटी रानमेंढ्यांच्या जनुकीय वैविध्याचा ऱ्हास आणि महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीसंबंधी झालेले संशोधन या तीन गोष्टींचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रानमेंढ्यांचे कुळ

प्राणिशास्त्रात मेंढ्यांचा समावेश 'ओव्हिस' या प्रजातीत होतो. या प्रजातीचा उगम सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी आशिया खंडात झाला असे जनुकीय पुराव्यांवरून मानले जाते. तेथून तिच्या शाखा दोन दिशांना पसरल्या. पश्चिमेकडे इराण, तुर्कस्तानच्या डोंगरांत युरियल आणि मूफ्लॉन या शाखा स्थिरावल्या. ईशान्येकडे सायबेरियातील हिममेंढी आणि तेथून बेरिंगच्या भूसेतूवरून उत्तर अमेरिकेत गेलेल्या मेंढ्या, अशी दुसरी शाखा झाली. अमेरिकेतील मोठ्या शिंगांची 'बिगहॉर्न' मेंढी आणि तिचा वाळवंटात राहणारा प्रकार हे याच दुसऱ्या शाखेचे वंशज होत. मध्य आशियाच्या उंच पठारांवरील अर्गाली ही आकाराने सर्वांत मोठी रानमेंढी.

या शाखांचे नाते समजून घेण्यास गुणसूत्रांची संख्या फार उपयोगी पडते. शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात आणि मेंढ्यांच्या पूर्वजांतही तेवढीच असावीत. उत्क्रांतीच्या ओघात काही गुणसूत्रे टोकाशी एकमेकांना जोडली गेली आणि संख्या कमी होत गेली. युरियलमध्ये ती ५८ आहे, अर्गालीमध्ये ५६, मूफ्लॉन आणि बिगहॉर्नमध्ये ५४, तर सायबेरियातील हिममेंढीत ५२. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. संख्या कमी झाली म्हणजे जनुके हरवली असे नव्हे. दोन वह्या एकत्र शिवल्या तर वह्यांची संख्या घटते, पाने तेवढीच राहतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच इराणमध्ये जेथे युरियल आणि मूफ्लॉन यांचे अधिवास एकमेकांना भिडतात, तेथे त्यांचा संकर होतो आणि त्या संकरित कळपांत ५५, ५६ किंवा ५७ गुणसूत्रांच्या मेंढ्याही आढळतात.

पाळीव मेंढीत ५४ गुणसूत्रे असतात. भारतातील, किंबहुना आशियातील पाळीव मेंढ्या युरियलपासून निर्माण झाल्या असाव्यात, असे मत जुन्या प्राणिशास्त्रज्ञांत प्रचलित होते. युरियल हा सिंध, बलुचिस्तानपासून लडाखपर्यंत आढळणारा प्राणी असल्याने हे मत स्वाभाविकही होते. परंतु गुणसूत्रांची संख्या आणि पुढे तंतुकणिकांतील डी.एन.ए.चा अभ्यास या दोन्ही कसोट्यांवर ते टिकले नाही. पाळीव मेंढीचा पूर्वज आशियाई मूफ्लॉन होय आणि तिला माणसाळविण्याची क्रिया सुमारे साडेदहा ते अकरा हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तान, इराक व इराणच्या डोंगराळ पट्ट्यात घडली, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

तंतुकणिकांतील डी.एन.ए. केवळ मातेकडून पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे त्याच्या आधारे मातृवंशाच्या रेषा शोधता येतात. जगभरच्या पाळीव मेंढ्यांत अशा पाच मुख्य रेषा आढळल्या असून त्यांना 'ए'पासून 'ई'पर्यंत अक्षरे दिली आहेत. युरोपात 'बी' रेषेचे प्राबल्य आहे, तर भारतीय मेंढ्यांत 'ए' रेषेचे. पाच रेषा आढळणे याचा अर्थ असा की माणसाने एखाद्या छोट्या कळपातून सर्व मेंढ्या निर्माण केल्या नाहीत. रानातील माद्या निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या काळी पाळीव कळपांत मिसळत राहिल्या. पाळीव मेंढीच्या आजच्या वैविध्याचे मूळ या मिसळणीत आहे.

भारतात खऱ्या अर्थाने रानमेंढ्या म्हणता येतील अशा दोनच. लडाखमध्ये 'शापू' या नावाने ओळखली जाणारी युरियल आणि 'न्यान' म्हणजे अर्गाली. हिमालयातील भरल दिसावयास मेंढीसारखा असला तरी त्याचे नाते शेळीकडे अधिक आहे. सातपुड्यात किंवा सह्याद्रीत रानमेंढी नाही. सातपुड्यातील चौशिंग्याला काही जण रानमेंढी समजतात, पण तो कुरंगवर्गातील प्राणी आहे. ही माहिती वरवर किरकोळ वाटली तरी तिचा एक व्यावहारिक अर्थ आहे. इराणमधील मेंढपाळाच्या कळपाला शेजारच्या डोंगरातून रानटी रक्ताचा पुरवठा होण्याची शक्यता हजारो वर्षे होती. खानदेशातील कळपाला ती कधीच नव्हती. येथील मेंढीत जे वैविध्य आहे ते माणसांनी आणलेले आहे आणि ते गमावले तर निसर्गातून भरून येणारे नाही.

वाळवंटी रानमेंढ्यांचा धडा

जनुकीय वैविध्य किती वेगाने कमी होऊ शकते, याचे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील वाळवंटी बिगहॉर्न मेंढीचे आहे. ही मेंढी अतिशय काटक. उन्हाळ्यात कित्येक दिवस पाण्यावाचून राहते, शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याच्या रूपाने गमावते आणि पाणवठा मिळताच अल्पावधीत ती तूट भरून काढते. वाळवंटात एकट्या उभ्या असलेल्या डोंगररांगांवर तिचे लहान लहान कळप राहतात. मधली सपाटी ओलांडून एखादा नर दुसऱ्या डोंगरावर जातो आणि त्यातूनच कळपांमध्ये जनुकांची देवाणघेवाण चालू राहते.

कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात या सपाटीवरून मोठे महामार्ग आणि कालवे गेले. क्लिंटन एप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की ज्या कळपांच्या मध्ये असे अडथळे होते त्यांच्यातील जनुकीय देवाणघेवाण जवळजवळ थांबली होती आणि अवघ्या चाळीसेक वर्षांत त्यांचे वैविध्य १५ टक्क्यांपर्यंत घटले होते. मेंढ्या मेल्या नव्हत्या, कुरणे संपली नव्हती, फक्त नरांचे येणेजाणे थांबले होते.

दुसरे उदाहरण मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातातील तिबुरॉन बेटाचे. १९७५ मध्ये या बेटावर २० बिगहॉर्न मेंढ्या आणून सोडण्यात आल्या, त्यांत १६ माद्या व ४ नर होते. बेटावर शिकारी प्राणी कमी असल्याने दोन दशकांत त्यांची संख्या सुमारे ५०० झाली. संख्येच्या दृष्टीने हा प्रयोग अत्यंत यशस्वी ठरला, परंतु जनुकीय तपासणीत या कळपाचे वैविध्य अरिझोनातील कळपांच्या तुलनेत बरेच कमी आढळले.

असे का होते हे साध्या गणिताने पाहता येते. प्रत्येक मेंढीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणजे २० मेंढ्यांमध्ये ४० प्रती आल्या. मूळ मुख्यभूमीवर एखादे दुर्मीळ जनुकरूप शंभरात दोन प्रती या प्रमाणात असेल, तर निवडलेल्या ४० प्रतींत ते एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. पुढे संख्या पाचशे होवो वा पाच हजार, जे बेटावर आलेच नाही ते तेथे वाढणार नाही. कळपाच्या आकड्यावरून कळपाची जनुकीय प्रकृती ओळखता येत नाही, ही गोष्ट पशुगणनेचे तक्ते वाचताना सहसा विसरली जाते. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. हा आकडा संख्येविषयी सांगतो, वैविध्याविषयी तो मौन बाळगतो.

तिबुरॉनची कथा येथेच संपत नाही. २०१४ मध्ये त्याच बेटावरील एका गुहेत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेंड्यांचा थर सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यातील डी.एन.ए. तपासला असता तो बिगहॉर्नचाच निघाला. म्हणजे ज्या बेटावर या मेंढ्या प्रथमच आणल्या असे सर्वांना वाटत होते, तेथे त्या पूर्वी होत्या आणि नष्ट झाल्या होत्या. लेंडीसारख्या क्षुल्लक वस्तूतून प्राण्याचा इतिहास वाचता येतो, ही बाब प्राणिशास्त्राइतकीच पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनाही आकर्षक वाटावी.

दख्खनी मेंढी : घडण व वैशिष्ट्ये

पाळीव मेंढी पश्चिम आशियातून पूर्वेकडे टप्प्याटप्प्याने आली. प्राचीन विषाणूंचे जे अवशेष मेंढीच्या जनुकसंचात चिकटून राहिले आहेत, त्यांच्या आधारे २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासातून मेंढ्यांच्या प्रसाराच्या दोन लाटा स्पष्ट झाल्या. पहिल्या लाटेतील मेंढ्या रानमेंढीसारख्या केसाळ होत्या, तर नंतरच्या लाटेतील मेंढ्या लोकरीच्या. रानमेंढीच्या अंगावर वरचा थर राठ केसांचा आणि आतला मऊ लोकरीचा असतो व तो ऋतुमानानुसार गळतो. माणसाने निवड करीत करीत वरचा थर कमी केला, आतला वाढविला आणि गळण्याची क्रियाही थांबविली. दख्खनी मेंढीची लोकर या प्रवासात मध्येच कुठेतरी थांबलेली दिसते. तिच्यात राठ, पोकळ गाभ्याच्या केसांचे प्रमाण पुष्कळ असते. गिरणीला ती नकोशी वाटते, पण पाऊस अडविणाऱ्या घोंगडीला तीच लागते.

महाराष्ट्रात ताम्रपाषाण काळापासून मेंढी पाळली जात होती. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात शेळीमेंढीची हाडे मिळाली. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे तापी व गोमाई यांच्या संगमाजवळ १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन होऊन याच काळातील वसाहतीचे थर उजेडात आले. हाडांवरून शेळी आणि मेंढी वेगळी ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. प्राचीन डी.एन.ए.च्या तंत्राने हा प्रश्न सुटू शकतो, मात्र आपल्याकडील उष्ण व दमट मातीत डी.एन.ए. टिकणे अवघड असल्याने यश सहज मिळणारे नाही.

आज महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात दख्खनी मेंढीचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे स्थानिक प्रकार मानले जातात. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या परिसरातील उंच, उठावदार नाकाची माडग्याळी मेंढी यांहून निराळी. दख्खनी मादी सुमारे २५ ते ३० किलो वजनाची असते. ती दिवसाकाठी मैलोगणती चालते, पिकांची धसकटे व काटेरी झुडपांचा पाला खाऊन जगते. चिखल व सततचा पाऊस मात्र तिला सोसत नाही, खुरे कुजतात. नवापूरच्या बाजूला पाऊस अधिक, म्हणून पावसाळ्यात कळप साक्रीच्या कमी पावसाच्या माळावर आणि पाऊस सरल्यावर खाली तापीकडे व पुढे दक्षिण गुजरातेपर्यंत, या फिरण्यामागे मेंढीच्या शरीराची हीच मर्यादा आहे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितो, त्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य वा पैसे. भटकंती ही केवळ परंपरा नसून ते प्राण्याच्या शरीराशी जुळवून घेतलेले व्यवस्थापन आहे, असे म्हणावे लागते.

२०१२ मध्ये जगभरातील ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्यांचा सुमारे ५० हजार जनुकीय खुणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दख्खनी मेंढीचाही समावेश होता. कुत्रा किंवा तत्सम पाळीव प्राण्यांच्या तुलनेत मेंढीने माणसाळल्यानंतरही पुष्कळ वैविध्य टिकवून ठेवले आणि जातींमध्ये आपापसांत सतत मिसळण होत राहिली, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष. मिसळण कोणी केली? अर्थात चालणाऱ्या मेंढपाळांनी. मोहावेच्या वाळवंटात जे काम सपाटी ओलांडणारा नर करतो, ते खानदेशात ठेलारी, धनगर आणि गुजरातेतून येणारे रबारी करीत आले. सुरत-नागपूर महामार्ग किंवा सुरत-भुसावळ लोहमार्ग पाळीव मेंढीची जनुके अडवीत नाही. तिच्यापुढील अडथळा निराळा आहे. कुरणे बंद होणे, बारमाही बागायतीमुळे मोकळी राने न मिळणे आणि त्यामुळे कळप एका जागी बांधला जाणे, हा तो अडथळा होय.

सुंदरबनातील जनुक आणि फलटणचा प्रयोग

दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरला नाही, मांसासाठी कोकरांची मागणी वाढली, तेव्हा जुळी देणारी मेंढी असावी ही अपेक्षा निर्माण होणे साहजिक होते. या अपेक्षेचे उत्तर ज्या मार्गाने सापडले तो मार्ग उत्क्रांतीच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील 'बुरुला' नावाच्या मेंढी फार्मवर सीअर्स बंधूंनी बहुप्रसवा मेरिनो मेंढ्या जोपासल्या होत्या. १९५८ मध्ये त्यांनी एका वेतात जन्मलेल्या पाच कोकरांपैकी एक नर तेथील राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेला भेट दिला. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी हा गुण अनेक जनुकांचा नसून एकाच प्रभावी जनुकाचा परिणाम आहे, असे दिसून आले. २००१ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे त्या जनुकातील बदल शोधून काढला. सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एका ठिकाणी 'ए' या अक्षराच्या जागी 'जी' आले आहे. त्यामुळे प्रथिनातील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते आणि अंडाशयातून एकाच वेळी अधिक अंडी परिपक्व होतात. या जनुकरूपास 'फेक-बी' असे नाव आहे.

मेरिनो ही मूळची स्पेनची. तिच्यात हे जनुक आले कोठून? ऑस्ट्रेलियातील जुन्या नोंदींत १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या नेल्याचा उल्लेख आहे. बंगालमधील सुंदरबनात 'गारोल' नावाची अगदी लहान, अवघ्या १० ते १५ किलो वजनाची मेंढी असते. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते आणि नेहमी जुळी-तिळी देते. २००२ मध्ये गारोलच्या डी.एन.ए.ची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात नेमका तोच एका अक्षराचा बदल आढळला. दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून गेलेल्या मूठभर बंगाली मेंढ्यांचे रक्त ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण कळपांत विरघळून गेले, तरी हे एक अक्षर टिकून राहिले. पुढे ओडिशातील केंद्रापाडा, चीनमधील हू व लहान शेपटीची हान, तसेच इंडोनेशियातील जावा बेटावरील मेंढ्यांतही तेच जनुकरूप सापडले. आशियातील व्यापारी मार्गांचा इतिहास लिहिताना मसाले आणि कापड यांच्या बरोबरीने या अक्षराचाही माग काढता येईल.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेने १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढ्या आणून दख्खनीशी त्यांचा संकर सुरू केला. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या कार्यात ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि जनुक तपासणीसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सहभागी झाली. हेतू गारोल पाळण्याचा नव्हता. गारोलचे इतके छोटे शरीर दख्खनच्या मेंढपाळाला परवडणारे नाही. गारोलचे ते एकच जनुक घ्यावयाचे आणि बाकी सर्व शरीर दख्खनीचे ठेवावयाचे, असा तो प्रयत्न होता. त्यासाठी संकरित नर पुनःपुन्हा दख्खनी माद्यांशी जुळविण्यात आले आणि प्रत्येक पिढीत डी.एन.ए. तपासून जनुकधारक निवडण्यात आले. पिल्लांना पुरेसे दूध मिळावे म्हणून इस्रायलमधील अवासी जातीचाही अंश मिसळण्यात आला. यातून 'नारी सुवर्णा' ही जात तयार झाली. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गारोलचा वापर करून 'अविशान' ही जात निर्माण केली आहे.

या जनुकाचा वारसा कसा चालतो हे मेंढपाळाला समजावून सांगणे अवघड नाही. ज्या नरात त्याच्या दोन्ही प्रती आहेत, त्याला साध्या दख्खनी माद्यांशी जुळविले तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एक प्रत असलेली मादी अनेकदा जुळी देते. सरासरीने पाहता वेतामागे सुमारे अर्ध्या कोकराची भर पडते. अशा एकप्रती मादीला पुन्हा एकप्रती नर लावला तर तिच्या कोकरांत चतुर्थांश दोन प्रतींची, निम्मी एका प्रतीची आणि चतुर्थांश जनुकविरहित निपजतात. दोन प्रतींच्या माद्यांत तिळ्यांचे प्रमाण वाढते. फिरत्या कळपात तीन कोकरे जगविणे म्हणजे आईला व मेंढपाळाच्या घरातील बायांनाही न झेपणारे ओझे. येथे एक अडचण अशी की नराच्या अंगावर या गुणाची कोणतीही खूण दिसत नाही. बाजारात 'जुळ्याचा मेंढा' म्हणून विकला जाणारा प्रत्येक नर जनुकधारक असेलच असे नाही. जुळे म्हणून जन्मलेला नर जनुकाविना असू शकतो आणि एकटा जन्मलेला नर जनुकधारक असू शकतो. रक्ताच्या थेंबावरील तपासणी हाच खात्रीचा मार्ग.

फलटणचा प्रयोग नंदुरबारला जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. सातारा जिल्ह्यातील मेंढपाळ आणि साक्री-नंदुरबारचा ठेलारी यांच्या चाऱ्याची, चालीची आणि मुक्कामाची परिस्थिती एक नाही. लांबच्या वाटचालीत विणाऱ्या मेंढीची नवजात कोकरे खांद्यावर, झोळीत किंवा घोड्यावर न्यावी लागतात. ज्या कळपाला विण्याच्या सुमारास एके ठिकाणी दोन-तीन आठवडे चारा मिळतो, त्याला जुळी लाभदायक आहेत, ज्याला मिळत नाही त्याला ती तोट्याची. हा हिशेब प्रयोगशाळेत नव्हे, वाड्यावर बसूनच करावा लागेल.

कळपातील नर आणि वैविध्याचा हिशेब

एका उपयुक्त जनुकाकडे लक्ष वेधले की उरलेल्या हजारो जनुकांचा विसर पडण्याचा धोका असतो. एकाच नामांकित नराची संतती सर्वत्र पसरली तर जुळी वाढतील, पण त्यासोबत अंतःप्रजननही वाढेल. हा धोका मोजण्यासाठी अनुवंशशास्त्रात 'परिणामकारक संख्या' ही कल्पना वापरतात. नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोन्हींच्या बेरजेने भागले की ती मिळते. एका कळपात १०० माद्या आणि २ नर असतील तर ८०० भागिले १०२, म्हणजे सुमारे ७.८. डोळ्यांना १०२ मेंढ्या दिसतात, जनुकीय दृष्ट्या तो कळप जेमतेम आठ प्राण्यांचा आहे. अशा कळपात बाहेरचा नर कधीच आला नाही तर दर पिढीला सुमारे ६.४ टक्के वैविध्य नष्ट होते आणि पाच पिढ्यांत, म्हणजे साधारण पंधरा वर्षांत, ते २८ टक्क्यांनी घटते. मोहावेतील रानमेंढ्यांनी चाळीस वर्षांत जे गमावले त्याहून हे अधिक आहे.

प्रत्यक्षात बहुतेक मेंढपाळ असे होऊ देत नाहीत. बापलेकीचा संयोग टाळावा, नर दुसऱ्या वाड्यावरून आणावा, ही जाण त्यांच्यात पूर्वापार आहे. मात्र वाडे जसजसे कमी होत जातील आणि उरलेले एकमेकांपासून दूर जातील, तसतसे दुसऱ्या वाड्यावरून आणलेला नरही नात्यातलाच निघण्याची शक्यता वाढत जाईल. दुसरीकडे मांसासाठी माडग्याळी किंवा परप्रांतीय नर आणण्याची प्रवृत्तीही बळावली आहे. त्यातून वैविध्य वाढल्यासारखे दिसते, परंतु दीर्घ चाल, कमी पाणी आणि निकृष्ट चारा सोसण्याची दख्खनीची जनुके त्यात विरून जातात. परका नर आणणे आणि परका वाडा जोडणे यांतील हा भेद विकास योजनांच्या कागदपत्रांत फारसा दिसत नाही.

दहा वाड्यांनी आपले दोन-दोन नर दरवर्षी आपसांत फिरविले तर हिशेब कसा बदलतो ते पाहावे. २० नर आणि १,००० माद्या मिळून परिणामकारक संख्या सुमारे ७८ होते आणि पिढीमागे होणारी घट ६.४ वरून जवळपास ०.६ टक्क्यांवर येते. कोणालाही एकही जादा नर पाळावा लागत नाही. हा हिशेब नरांची पूर्ण मिसळण होते असे धरून केला आहे, व्यवहारात लाभ काहीसा कमी असेल. पावसाळ्याच्या तोंडावर कळप साक्री-नंदुरबारच्या माळांवर परततात, तेव्हा अनेक वाडे जवळजवळ असतात आणि माद्या फळण्याचा मोठा हंगामही याच सुमारास येतो. नरांची अदलाबदल करावयाची तर ती याच दिवसांत.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कोणत्या वाड्यावरचा नर कोणत्या वर्षी कोठे गेला, त्याची कोकरे किती, जुळी किती, दोन महिन्यांपर्यंत जगली किती, एवढी नोंद वहीत ठेवली तरी पुरेसे आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना प्रकल्पकार्यासाठी दरवर्षी विषय लागतात आणि त्यांच्या वर्गांत मेंढपाळ घरांतील मुलेमुलीही असू शकतात. पाच-सहा वर्षांची अशी नोंदवही तयार झाली, तर त्याच मेंढ्यांच्या कानाच्या टोकाचे नमुने पुढे डी.एन.ए. तपासणीस पाठविता येतील. वंशावळीची साथ नसलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचला तर त्यातून कळपाचे नाव कळते, त्याचा इतिहास कळत नाही.